गरम झाली की बंद, गार झाली की सुरू: रोल्स २०/२५ची नेहमीची खोड

फोन साधारण असा येतो. "सकाळी एका स्टार्टरला उठली, पंधरा किलोमीटर लोण्यासारखी चालली आणि मग भर रस्त्यात बसली. अर्ध्या तासानं जणू काही झालंच नाही अशी परत सुरू! कंडेन्सर गेला असेल ना? इंग्लंडहून मागवू का?"

अजून काहीही मागवू नका. कंडेन्सर म्हणजे ठिणगी कडक पडावी म्हणून इग्निशनमध्ये बसवलेली छोटी डबी, आणि दोष बहुधा तिच्यात नसतो.

मी पुण्यात राहतो आणि युद्धापूर्वीच्या गाड्यांच्या मागे बरीच वर्षं आहे. त्यात रोल्स-रॉइसच्या २०/२५ माझ्या हाताखालून जास्त गेल्या. १९२९ ते १९३६ या काळात हे मॉडेल बनलं. सहा सिलिंडर, ३६६९ सीसी, एकूण ३८२७ चॅसी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रोल्सचं सर्वांत जास्त खपलेलं मॉडेल हेच, त्यामुळे आजही ते रस्त्यावर दिसतं. हाच दोष पहिल्यांदा समोर आला तेव्हा मीही कंडेन्सरच मागवला होता. तीन आठवडे वाट पाहिली, कस्टमची ड्यूटी भरली, तो बसवला आणि गाडी त्याच वळणावर पुन्हा बसली. खरा दोष पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात होता. झाकणाचं पॅकिंग मी स्वतःच नवीन कापून घातलं होतं आणि त्यात हवेचं भोक ठेवायला विसरलो होतो. तेव्हापासून खाली लिहिलेला क्रम सोडत नाही. ऑटोव्हॅक (एंजिनच्या ओढीवर टाकीतलं पेट्रोल वर खेचणारा डबा, त्याबद्दल पुढे) असलेल्या त्या काळातल्या इतर इंग्लिश गाड्यांनाही तो बहुतेक जसाच्या तसा लागू पडतो.

लक्षणं आधी जुळवून पाहा

"गार झाली की सुरू होते" ही माहिती निदानाच्या काही कामाची नाही. पेट्रोल पोहोचत नसेल, ठिणगी जात असेल किंवा पाणी तापत असेल, तिन्हीत हेच होतं. कामाचं आहे ते गाडी मरते कशी, हे.

दोन-तीनदा खोकली, कार्बुरेटरातून फटकन आवाज आला, पिकअप गेला, पाय दाबला तर आणखी बसली आणि सोडला तर थोडी सावरली, तर पेट्रोल कमी पडतंय. कुणी चावी फिरवावी तशी एका क्षणात गप्प झाली, तर ठिणगीवर संशय घ्या. बोनेटमधून वाफ, चढावर एंजिनची खडखड आणि हळूहळू ताकद कमी होत जाणं, हे पाण्याचं दुखणं. आणखी एक प्रकार लोक विसरतात: मागून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, प्लग काजळलेले. तिथे पेट्रोल कमी नाही, जास्त जातंय, आणि त्याचं मूळ बहुधा ऑटोव्हॅकच्या फुटक्या फ्लोटात, म्हणजे आतल्या तरंगत्या पोकळ डबीत, असतं.

ड्रायव्हिंग दुसरं कुणी करत असेल तर त्याला नीट विचारा. एका गाडीचे जुने ड्रायव्हर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मालक सांगत होते की गाडी अचानक बंद पडते. मामा शांतपणे म्हणाले, "अचानक कुठं साहेब? बंद पडायच्या आधी मैलभर ती नाराज असते." दोन दिवसांचं काम त्या एका वाक्यानं वाचलं.

आणि गाडी बंद असतानाच तपासा. ढकलत घरी आणून, चहा पिऊन, गार झाल्यावर बोनेट उघडलंत तर सगळं ठीकच सापडणार. म्हणून गाडीत एवढं सामान कायम ठेवा: लाकडी काठी, पाण्याची बाटली आणि चिंध्या, धातूच्या डब्यात अर्धा लिटर पेट्रोल, नरसाळं, एक चालू असल्याची खात्री केलेला कंडेन्सर वायर आणि क्लिपसह, बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने आणि अग्निशामक. शेवटची वस्तू शोभेची नाही.

फुकटातल्या तपासण्या

गाडी थांबल्याबरोबर आधी मागे जा आणि टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेल्याचा आवाज आला तर झाकणाचं भोक बंद आहे. पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत ओढ तयार होते आणि पुढच्या ऑटोव्हॅकची ओढ तिच्यापुढे कमी पडते. गाडी उभी राहिली की हवा कुठूनतरी झिरपते, म्हणून अर्ध्या तासानं "आपोआप" बरी होते. भोकात पॉलिश साचलेलं असणं हे नेहमीचं. दर रविवारी झाकण चकाचक करणारा माणूस ते भोकही इमानेइतबारे बुजवत असतो.

झाकण उघडलंच आहे तर काठी घालून पेट्रोल मोजा. नव्वद वर्षांच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. टाकीतली ओढनळी तळापर्यंत पोहोचत नसेल, किंवा नंतर कुणी आखूड बसवली असेल, तर चढावर पेट्रोल मागे सरकतं आणि तळात बरंच असूनही नळी हवा ओढते.

मग स्टिअरिंगकडे या. चाकाच्या मध्यावर छोटे दांडे असतात: ठिणगीचा आगे-मागे करणारा, मिश्रणाचा आणि हाताच्या थ्रॉटलचा. गाडी सुरू करताना ठिणगी मागे घेतली आणि दांडा तिथेच विसरला, तर जळण उशिरा होतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते आणि पाणी उगाच तापतं. मिश्रणाचा दांडा "वीक"कडे राहिला तर कार्बुरेटर खोकतो. नव्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाकडून हे हमखास होतं. एकदा एका लग्नात पाहुणे मंडळींना या गाडीशेजारी फोटो काढायचे होते, कुणीतरी चाकाशी खेळलं आणि वरातीत गाडी उकळली. दुरुस्ती काय होती? एक दांडा दोन बोटं पुढे.

रेडिएटरच्या पुढच्या उभ्या झडपाही बघा. सुरुवातीच्या गाड्यांत त्या हातानं उघडाव्या लागतात, नंतरच्या गाड्यांत थर्मोस्टॅट उघडतो. थर्मोस्टॅट थकला की झडपा मिटलेल्याच राहतात. त्या इंग्लंडच्या थंडीसाठी होत्या. आपल्याकडे मार्च ते जून मी त्या उघड्या स्थितीत तारेनं बांधून ठेवतो. शुद्धतावाद्यांनी माफ करावं.

फ्लोट चेंबर पाहा, रस्ता तिथेच फुटतो

वरचं सगळं ठीक असेल तर कार्बुरेटरच्या फ्लोट चेंबरचं, म्हणजे त्यातल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्याचं, झाकण उघडून आत पेट्रोल आहे का बघा. इग्निशन बंद हवं आणि आसपास कुणाच्या हातात सिगारेट नको. या एका नजरेनं निम्मे प्रश्न गळून पडतात. चेंबर रिकामा असेल तर दोष कार्बुरेटरच्या मागे, टाकीच्या दिशेला आहे. भरलेला असेल तर ठिणगीकडे वळा.

रिकामा असेल तर पहिली परीक्षा ओल्या चिंधीची. पेट्रोलच्या नळीचा एक्झॉस्टजवळून जाणारा भाग आणि कार्बुरेटरचं बाहेरचं अंग ओल्या कापडानं गार करा. कापड पिळून घ्या, तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडता कामा नये, तडा जातो. दोन-तीन मिनिटांत पेट्रोल यायला लागलं, तर नळीत वाफ धरली होती.

हा त्रास अलीकडे वाढलाय, आणि त्याचं मोठं कारण पंपावर मिळणारं पेट्रोल. आजच्या पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बोनेटखाली उन्हाळ्यात हे तापमान तर गाडी उभी असतानाच गाठलं जातं. उपाय स्वस्त आहे: नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या, मध्ये पत्र्याची आड लावा, कार्बुरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णतारोधक जाड पॅकिंग द्या. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घालून या बाबतीत काहीही फरक पडत नाही. या एंजिनाचं कॉम्प्रेशन सुरुवातीला ४.६ला १ होतं, त्याला ऑक्टेनची भूकच नाही.

चिंधीनं काही झालं नाही, तर ऑटोव्हॅक.

ऑटोव्हॅक म्हणजे काय, आणि तो का रुसतो

बोनेटखाली, एंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर बसवलेला हा नळकांड्यासारखा डबा. पेट्रोलची टाकी मागे आणि खाली, कार्बुरेटर पुढे आणि वर, आणि मध्ये पंप नाही. मग पेट्रोल वर चढतं कसं? एंजिन हवा ओढतं तेव्हा इनलेट मॅनिफोल्डमध्ये जी ओढ तयार होते, ती एका बारीक नळीनं या डब्यात आणलेली असते. त्या ओढीनं मागच्या टाकीतलं पेट्रोल आतल्या कप्प्यात येतं. कप्पा भरला की फ्लोट वर उचलला जातो, एका झटक्यात ओढीची वाट बंद होते आणि बाहेरच्या हवेची उघडते. मग पेट्रोल खालच्या पापणीसारख्या झडपेतून बाहेरच्या कप्प्यात उतरतं आणि तिथून स्वतःच्या वजनानं कार्बुरेटरला. फ्लोट खाली आला की पुन्हा ओढ सुरू.

यातच त्याचा स्वभावदोष दडलाय. थ्रॉटल पूर्ण उघडं असताना मॅनिफोल्डमधली ओढ जवळजवळ नाहीशी होते. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना तुम्ही पाय दाबून धरता, एंजिनला पेट्रोल सर्वांत जास्त तेव्हाच लागतं आणि ऑटोव्हॅक नेमका तेव्हाच उपाशी असतो. बाहेरच्या कप्प्यातला साठा संपला की गाडी बसते. याला दोष म्हणू नका, तो त्या रचनेचाच भाग आहे. उपाय जुने ड्रायव्हर जाणत होते: लांब चढावर मिनिटाभरानं एकदा दोन-तीन सेकंद पाय उचलायचा. डबा भरतो, गाडी पुढे जाते. फक्त लांब चढावरच बसत असेल आणि सपाटीवर कधीच नसेल, तर पाना हातात घेण्याआधी हे करून बघा.

सपाटीवरही बसत असेल तर अर्ध्या लिटरची परीक्षा. ऑटोव्हॅकच्या डोक्यावर पेट्रोल ओतायचा स्क्रू-प्लग असतो. एक्झॉस्ट निवू द्या, नरसाळ्यानं सावकाश भरा, सांडलेलं पुसा, वाफ उडू द्या, मग सुरू करा. ही गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटर देते, तेव्हा एवढ्यात दोन-एक किलोमीटर जायला हवी. तेवढं अंतर छान गेली आणि मग पुन्हा बसली, तर कार्बुरेटर, ठिणगी, पाणी सगळं निर्दोष आहे. गुन्हेगार ऑटोव्हॅक, त्याची ओढीची नळी किंवा मागून येणारी पेट्रोलची नळी यांपैकी एक.

आता जाळ्या काढून धुवा. ऑटोव्हॅकच्या तोंडाशी एक असते, कार्बुरेटरला एक असते, आणि टाकीजवळ नंतर कुणी बसवलेली तिसरी असू शकते. तिच्यात लालसर भुकटी सापडली तर टाकी आतून गंजतेय. जाळी धुतल्यावर गाडी महिनाभर चालेल आणि परत हाच फोन येईल.

जाळ्या स्वच्छ असतील तर नळ्या. इथे भलेभले फिटर फसतात. ही सगळी ओढीची बाजू आहे, दाबाची नाही, त्यामुळे तडा गेला तर पेट्रोल बाहेर टपकत नाही, हवा आत शिरते. खाली कोरडी फरशी बघून "गळती नाही" असं म्हणू नका. तांब्याची नळी वर्षानुवर्षं थरथरून कडक होते आणि टोकाच्या शंकूजवळ केसासारखी चिरते. संशय आला की सांध्यांवर घट्ट ग्रीस लावून गाडी चालवून पाहा. फरक पडला तर जागा सापडली. नळी गाडीवरून पूर्ण काढून, पेट्रोल वाळवून, मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की तांबं पुन्हा मऊ होतं. चिरलेली असेल तर मात्र नवीनच करा. सांध्यांचे नट उघडताना मेट्रिक पाना "बसल्यासारखा" वाटतो, पण बसत नाही. दोन वेळा घसरला की नटाचे कोपरे गेले, आणि असा नट बाजारात मिळत नाही.

ऑटोव्हॅक उघडायची वेळ शेवटी. आत तीन गोष्टी बघायच्या. फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ झाली तर फुटलाय. नसेल ऐकू येत तर कडकडीत पाण्यात बुडवा, बुडबुडा येईल तिथे भोक. आतलं पेट्रोल पूर्ण काढून, दोन-तीनदा गरम पाण्यात घालून, मगच कथलाचा डाग द्या, आणि डाग नखाएवढाच. कथलाच्या वजनानं फ्लोट जड झाला की तो उशिरा उचलला जातो आणि पेट्रोल ओढीच्या नळीतून सरळ एंजिनात जातं. काळ्या धुराचं मूळ हेच. दुसरी गोष्ट झटका देणारी स्प्रिंग: ती सैल असेल तर झडप अर्धवट उघडी राहते, म्हणजे धड ओढही नाही आणि धड हवाही नाही. तिसरी, खालची पापणी. एखाद्या कणानं ती उघडी राहिली की ओढीसरशी बाहेरच्या कप्प्यातलं पेट्रोल परत वर येतं. झाकणाचं पॅकिंग नवीन घाला आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे कसा.

बुचाच्या फ्लोटवाल्या गाड्यांबद्दल एक ताकीद. बूच पेट्रोल पिऊ नये म्हणून त्या काळी त्यावर लाखेचा थर देत. फर्निचर पॉलिशवाला चपडी कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. इथेनॉल म्हणजे तेच. लाख सुटते, बूच भिजतं आणि विरघळलेली लाख कार्बुरेटरच्या बारीक भोकात (जेटमध्ये) जाऊन चिकटते. लाखेचा नवीन थर देऊन उपयोग नाही, इथेनॉल सोसणारं इपॉक्सी वापरा.

"एवढ्यापेक्षा इलेक्ट्रिक पंपच बसवतो" म्हणणारे भेटतात. वाटेत अडकलात तर बसवा, मीही बसवलाय. पण ऑटोव्हॅकमधून कार्बुरेटरला मिळणारा दाब अर्धा पीएसआयच्या (टायरची हवा मोजतो तेच माप) आतबाहेर असतो. बाजारातले बरेचसे पंप त्याच्या कितीतरी पट दाब देतात. पेट्रोलची वाट बंद करणारी कार्बुरेटरची निडल तो रोखू शकत नाही, फ्लोट चेंबर वाहतो आणि पेट्रोल गरम एंजिनावर पडतं. रेग्युलेटरशिवाय पंप म्हणजे आगीला आवतण. आणि तरीही आधी चिरलेली नळी शोधा, कारण तीच नळी पंपाच्या पुढे राहिली तर आता हवा आत न ओढता पेट्रोल बाहेर फवारेल.

चेंबर भरलेला असेल तर

मुख्य कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून एंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर इन्सुलेटेड पकडीनं धरा, फ्लोट चेंबर बंद करून, पेट्रोलपासून लांब, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडक, टचटच वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, लुळी किंवा काहीच नाही, तर आता कंडेन्सरची पाळी. जुना कंडेन्सर पूर्ण सोडवा. नुसता नवा समांतर जोडलात आणि जुना आतून शॉर्ट असेल तर काहीच कळणार नाही. नवा बाहेरून वायरनं जोडा, त्याचा पत्रा क्लिपनं अर्थ करा, आणि पुन्हा बघा. अ‍ॅम्बॅसिडरचा कंडेन्सर परीक्षेपुरता अगदी चालतो.

बरा झाला तर मागवायचा का? हो, पण डोकं लावून. "जुना न वापरलेला, मूळ खोक्यातला" कंडेन्सर भलत्या भावाला मिळतो, आणि तो घेऊ नका. आत मेणकागद असतो, आणि कागद खोक्यातही म्हातारा होतो. मी मूळ डबी ठेवून आत आजचा तेवढ्याच क्षमतेचा, चांगल्या व्होल्टेजचा कपॅसिटर बसवून घेतो. बाहेरून ओळखू येत नाही.

कंडेन्सरनं फरक पडला नाही तर सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) पाहा, मग कॉइल. काही गाड्यांत राखीव कॉइल जवळच बसवलेली असते. वायरी बदलून पाहायला दोन मिनिटं. एंजिन बंद असताना इग्निशन चालू राहिलं की कॉइल आतून भाजते, आणि गाडी दाखवायला ठेवतात तेव्हा हे हमखास होतं. सुरुवातीच्या गाड्यांत राखीव म्हणून मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतः ठिणगी तयार करणारं यंत्र, आहे. त्यावर टाकून गाडी चालली तर दोष कॉइलच्या बाजूला, एवढं कळलं. मॅग्नेटो स्वतः उघडू नका.

पाणी

दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक माणसाच्या चालीनं निघते, तेव्हा लोक तिचा दिमाख बघतात आणि मी रेडिएटर. मिरवणुकीची चाल जुन्या गाडीला घाटापेक्षा वाईट, कारण समोरून हवाच नसते.

या रेडिएटरला आजच्या गाड्यांसारखा दाब नसतो, म्हणजे पाणी शंभरलाच उकळतं, महाबळेश्वरला तर पंच्याण्णव-शहाण्णवलाच. पंख्याचा पट्टा आधी बघा. मग गरम एंजिनाचा रेडिएटर तापमानाच्या बंदुकीनं जागोजागी मोजा: वरून खाली तापमान सावकाश उतरायला हवं. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. उलट्या दिशेनं होजपाइपचं पाणी सोडून धुवा. ॲसिड घालू नका, अ‍ॅल्युमिनियमचा भाग असेल तर तो खाऊन टाकेल आणि गंजाच्या खपलीनं थांबलेलं भोक मोकळं होईल. ब्लॉकच्या मागच्या सिलिंडरांभोवती गाळ बसतो, तो नुसत्या धुण्यानं निघत नाही. बोअरवेलचं पाणी या गाडीत कधीच नको, क्षार तिथेच जमतात. आणि उकळत्या गाडीच्या रेडिएटरचं ते देखणं झाकण, वरच्या परीच्या मूर्तीसकट, हातानं फिरवू नका. भाजलेले हात मी पाहिलेत.

भाग शोधायची वेळ आलीच तर

दोष सिद्ध झाल्यावरच या टप्प्यावर या. पहिली वस्तू लागते चॅसी क्रमांक. २०/२५चे क्रमांक जी अक्षरानं सुरू होतात, पहिली मालिका जीएक्सओ. रोल्स डर्बीला फक्त चॅसी बनवायची. वरचं शरीर हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली अशा कोचबिल्डरांकडे. त्यामुळे यांत्रिक भाग मालिकेनुसार जुळतात, पण दाराची कडी किंवा खिडकीची पट्टी दुसऱ्या २०/२५ची तुमच्या गाडीला बसेलच असं नाही. मालिका बदलली की भागही बदलतात. "२०/२५चा ऑटोव्हॅक हवा" अशी मागणी अपुरी, क्रमांक आणि मोजलेला फोटो दोन्ही पाठवा. चॅसीच्या जुन्या नोंदी इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशरच्या पॉलर्सपरी गावातल्या हंट हाउसमध्ये, रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबच्या मुख्यालयी, आहेत. गाडीला कोणता भाग मुळात बसवला होता ते तिथून कळू शकतं.

सुट्या भागांचा मोठा बाजार सप्टेंबरात हॅम्पशरमधल्या ब्यूलीला भरतो, अमेरिकन गाड्यांसाठी ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला. परदेशात मुलगा-भाचा असेल तर त्याला पाठवा, पण तुटका भाग हातात देऊन. वर्णन सांगून आणलेली वस्तू माझ्या अनुभवात निम्म्या वेळा चुकते. मुंबईत चोरबाजारात मीटर, दिवे, हॉर्न यांत अजून नशीब निघतं, एंजिनाच्या भागांत फारसं नाही.

ओतीव भाग इथेच करून घ्यायचा तर कोल्हापूरच्या शिरोलीत फाउंड्र्या आहेत. फक्त जुनाच भाग साचा म्हणून देऊ नका. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, अ‍ॅल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. वीस सेंटिमीटरच्या भागात दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे बोल्टची भोकं चुकली. पॅटर्नवाल्याला आकसण्याची भर घालायला सांगा, शिवाय मशीनिंगची. आटे बीएसएफ आणि बीए या जुन्या ब्रिटिश मापांचे. लेथवाल्याकडे ते टॅप नसतील तर आधी टॅप मिळवा, मग काम द्या. "जवळचा मेट्रिक आटा मारतो" म्हणाला तर भाग उचलून घरी या.

गाडी व्हीए मालिकेत (व्हिंटेज गाड्यांच्या वेगळ्या नंबरप्लेटवर) व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर आणखी एक: २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपातली गाडी अपेक्षित आहे, चॅसी-बॉडी-एंजिनात मोठा बदल नको. म्हणून इलेक्ट्रिक पंप बसवलात तरी ऑटोव्हॅक जागेवरून काढू नका, आणि पत्र्याला नवीन भोकं पाडू नका.

इथे थांबा

टाकीला डाग किंवा वेल्डिंग लागत असेल तर घरी नाही. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त पेटते. टाक्यांचंच काम करणाऱ्याकडे द्या.

ऑइलच्या डिपस्टिकवर दुधी फेस दिसला, किंवा रेडिएटरमध्ये एंजिन चालू असताना सतत बुडबुडे येत राहिले, तर गाडी त्याच क्षणी बंद करा आणि ट्रकवर न्या. हेड उघडायला लागणार, आणि नव्वद वर्षं बसलेले स्टड तोडून ठेवणारे हात गल्लोगल्ली आहेत. हेड उघडलेलं ज्यानं आधी दाखवलंय त्यालाच बोलवा, फोटो मागा.

तळातून जड ठकठक येत असेल तर बेअरिंग आहेत, आणि या गाडीत ती ओतीव व्हाइट मेटलची, म्हणजे मऊ मिश्रधातूची, असतात. तिथे "घरापर्यंत हळूहळू नेतो" म्हटलं की क्रँक गेला. मॅग्नेटो गुंडाळणं, थर्मोस्टॅटची घडी दुरुस्त करणं आणि कापडी वेष्टणाची जुनी वायरिंग, ही तिन्ही कामं त्या-त्या कारागिराचीच. वायरिंगला हात लावला की वेष्टण भुगा होऊन पडत असेल, तर दोष शोधणं थांबवा, बॅटरीची वायर काढा आणि आधी पूर्ण वायरिंग नवीन करून घ्या.

आणि अर्ध्या लिटरची परीक्षा दोनदा करूनही गाडी कधी दोन किलोमीटर, कधी दोनशे मीटर जात असेल, तर बहुधा एकाच वेळी दोन दोष आहेत. असं असेल तेव्हा मीसुद्धा एकट्यानं हात घालत नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनला फोन करतो आणि एक बाजू त्याची, एक माझी असं वाटून घेतो.